पाच नंबरची खुंटी

इर्मानं अकरा शर्ट अकरा खुंट्यांना लावले आणि बारावा पिशवीच्या तळातून काढला. तो नेहमी शेवटीच निघायचा. बाकीचे हल्लीच्या गुळगुळीत कापडाचे, हातात धरले तर सुळकन निसटणारे. हा जाड सुती, गळ्याशी नाडी असलेला, काळ्या-हिरव्या पट्ट्यांतला हिरवा रंग केव्हाच उडालेला. पाठीवरचा पाचाचा आकडा आईनं, ओटिलीनं, स्वतः शिवलेला होता. इर्मानं तो पाचव्या खुंटीला अडकवला, बाह्या सरळ केल्या आणि सवयीनं पुटपुटली, "चला, आर्नो सोबोटका." एरवी ती वडिलांना बाबाच म्हणायची. इथं, संघाच्या कपड्यांच्या खोलीत, मात्र ती त्यांना संघातल्यासारखी हाक मारायची.

आर्नो गेला त्या रविवारी ती सात वर्षांची होती. एकोणीसशे एकोणसाठचा मे महिना. दुपारी फुटबॉलचा सामना, जिंकला तर खाणकामगारांचा क्लब ग्ल्युकआउफ हाल्डनबेक देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये जाणार. सकाळी आर्नोनं एका सोबत्याची खाणीतली दुरुस्तीची पाळी घेतली, कारण त्याच्या पोराचा बाप्तिस्मा होता. बारापर्यंत वर येतो, म्हणाला. भुयार बसलं ते अकराच्या सुमाराला. त्या काळी बदली खेळाडू नसायचा. शर्ट खुंटीवर ठेवून दहा जण मैदानात उतरले, येईल येईल म्हणत नव्वद मिनिटं खेळले आणि एका गोलनं जिंकले. प्रेत सापडलं नाही. भुयार तसंच भिंत घालून बंद केलं. तेव्हा मैदानात असलेली कितीतरी म्हातारी माणसं मरेपर्यंत सांगत राहिली की त्यांनी आमचे अकरा मोजले होते. त्यातली निम्मी बिअर पिऊन सांगत, पण निम्मी न पिताही सांगत.

तेव्हापासून पाच नंबर कुणाला दिलेला नाही. शर्ट मात्र दर सामन्याला खुंटीवर असतो.

इर्मा क्लबच्या स्वयंपाकघरात आली तेव्हा रोझविता उकडलेले बटाटे सोलत होती. तिचा नवरा एगॉन, म्हणजे इर्माचा थोरला भाऊ आणि क्लबचा अध्यक्ष, खिडकीशी उभा राहून मैदानाकडे बघत होता. त्यांची मुलगी आंके गळ्यात शिट्टी अडकवून फोनवर कुणाला तरी झापत होती. क्लबची प्रशिक्षक तीच, खजिनदारही तीच, आणि गेल्या नाताळपासून बापाशी कामापुरतंच बोलणारीही तीच.

"दहा," फोन ठेवून आंके म्हणाली. "अकरावा बहिणीच्या लग्नाला गेलाय. शेवटचा सामना, आणि दहा."

"मग मी काय सांगतोय महिनाभर?" एगॉन म्हणाला. "आज संध्याकाळी ठराव आहे. विलीन व्हायचं. व्हिक्टोरिया क्लबवाले त्यांच्या नावात आपलं नाव घालायला तयार आहेत, मोठी गोष्ट आहे."

"कालव्यापलीकडच्यांच्या नावाचं शेपूट."

"शेपूट तर शेपूट. धडापेक्षा शेपटाला जास्त वर्षं मिळतील."

"पडलो तरी नाक वर, असं आजी म्हणायची आपल्या क्लबला," आंके म्हणाली. "तुम्ही तर नाकही विकायला काढलंत."

"आपण पडलोय कुठे? हरून खाली गेलो ते एकदाच, साठ साली. नंतर त्रेसष्टला त्यांनी आपल्या डोक्यावर एक नवी लीग बांधली. चौऱ्याहत्तरला दुसरी. मग अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याण्णव, दोन हजार आठ. दर वेळी वर एक मजला चढला आणि आपण होतो तिथेच तळघरात गेलो."

"आणि आता जिल्हा लीगचा क गट, तोही शेवटून दुसरे. ह्याच्याखाली फक्त खाण आहे, पप्पा."

रोझविता हसली, पण एगॉन हसला नाही. "तेच तर. खालचीच गोष्ट आहे. मागच्या महिन्यात खाणीच्या तिसऱ्या शाफ्टवरचा पंप बंद केलाय. वर्षाअखेर शेवटच्या खाणी बंद होतील, मग कशाला उपसतील पाणी? खालची भुयारं भरत येणार. आपली बशी दोन वर्षांत तळं होईल."

बशी म्हणजे मैदानाचा कालव्याकडचा कोपरा. खालचा कोळसा काढला तशी जमीन बसत गेली. पायाखालची जमीन सरकली असं लोक नुसतं म्हणतात, हाल्डनबेकमध्ये ती खरोखर सरकते, आणि तिची भरपाईही मिळते. मध्यावर ठेवलेला चेंडू आपणहून बशीकडे घरंगळायला लागतो. थंडीत सगळं मैदान पांढरं झालं तरी बशीत बर्फ टिकत नाही, खालून ऊब येते. आणि खाणीच्या नकाशावर आर्नोचं भुयार बरोबर त्याच कोपऱ्याखालून जातं. हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं.

"इर्मा, तुझं काय?" रोझवितानं विचारलं.

प्रश्न साधा होता पण सगळं त्यावरच अडलं होतं. सोबोटकांचा हात एकच, ही घरची रीत. घरात कितीही डोकी फोडा, क्लबच्या सभेत चौघांचे हात एकाच बाजूला वर जाणार. आणि सोबोटकांचा हात जिकडे, तिकडे बाकीचे. एगॉन हो म्हणत होता, आंके नाही म्हणत होती, रोझविता ज्याचा आवाज चढेल त्याच्या विरुद्ध बाजूला सरकत होती.

"मैदान सोडलं तर बाबांची खुंटी कुठे जाईल?" इर्मा म्हणाली. "व्हिक्टोरियाच्या खोलीत?"

"ते मी त्यांना कसं विचारू? हसतील."

"मग मी नाहीच म्हणणार. ते इथे येतात, एगॉन. उद्या आले आणि इथे तळं, खुंटी नाही, कुणी नाही, तर?"

एगॉननं खिडकीचा पडदा सोडला आणि तो तिच्यासमोर येऊन बसला. आवाज एकदम मऊ झाला होता. "इर्मा, एक बोलू? आईच्या नंतर सत्तावीस वर्षं मी तोंड उघडलं नाही. तुला त्यात समाधान आहे तर असू दे म्हटलं. पण आता पुरे कर. तो शर्ट स्वतः मळवायचा आणि स्वतःच धुवायचा. बाबांना आता झोपू दे."

इर्माला आधी समजलंच नाही. "कोण मळवतं?"

"आपल्याच घरात कशाला लपवाछपवी? सामना संपला की तो शर्ट घामानं ओला असतो, कॉलरला कोळशाची काळी रेघ असते. आई करायची, तिच्यामागे तू करतेस. मी कधी हसलोय का?"

"मी?" इर्मा म्हणाली. "मला वाटलं तू करतोस."

रोझविताच्या हातातलं साल लोंबकळत राहिलं.

"आई गेल्यावर पहिल्या सोमवारी मी शर्ट हातात घेतला तर तो ओला," इर्मा सांगत होती आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. "मला वाटलं, एगॉननं केलं. आईची जागा माझ्याकडे आली, माझे हात रिकामे राहू नयेत म्हणून. किती बरं वाटलं होतं मला. तू वाढदिवस विसरायचास, आजारपणात फोन करायचा नाहीस, तरी मी म्हणायची, जाऊ दे, दर रविवारी आठवणीनं शर्ट मळवतो तो माझ्यासाठी. त्यावर मी तुझं सगळं माफ केलंय."

"मी त्या शर्टाला हात लावलेला नाही," एगॉन म्हणाला. "बारा वर्षांचा होतो तेव्हापासून कधीच नाही."

दोघांनी रोझविताकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "मी तर समजत होते तुम्ही दोघं आळीपाळीनं करता. बहीणभावातली गोष्ट, सुनेनं कशाला नाक खुपसावं?" तिघांनी आंकेकडे पाहिलं.

"मला वाटलं ती रीत आहे," आंके म्हणाली. "जुन्या खेळाडूंपैकी कुणीतरी. ते सगळे आता मेलेत, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

अळीमिळी गुपचिळी म्हणतात ती अशी. चार माणसं, एकाच क्लबात आयुष्य काढलेली, आणि प्रत्येकानं दुसऱ्याचं मन राखायला तोंड मिटलेलं. इर्माला आईचं बोलणं आठवलं. मरायच्या आधी दवाखान्यात ओटिलीनं तिचा हात धरून सांगितलं होतं, पाच नंबरचा वेगळा धुवायचा, गार पाण्यात, आणि विचारायचं नाही. कुणाला विचारायचं नाही, ते आईनं सांगितलं नव्हतं.

एगॉननं जन्मभर खाणीत पंपांची वीज सांभाळली होती. त्याला प्रत्येक गोष्टीला एक बटण असतं असं वाटायचं. "कुणीतरी चावटपणा करतं," तो उठत म्हणाला. "आज सामन्याच्या वेळी खोलीला कुलूप लावायचं. किल्ली रोझीच्या ॲप्रनमध्ये. मग बघू."

"आणि नाही उघडलं कुणी तरी शर्ट ओला निघाला, तर?" आंकेनं विचारलं. तिच्या आवाजातली सकाळची धार गेली होती. "तर मी हो म्हणणार. तळं होऊ दे, काही होऊ दे. मला या खोलीत परत पाऊल टाकायचं नाही."

"आणि तसं असेल तर मी नाही म्हणेन," एगॉन म्हणाला आणि आपल्याच शब्दांनी चमकला. "बाबा खरंच येत असतील तर मी कसं सोडून जाऊ?"

अशी त्या घराची तऱ्हा. पाच मिनिटांत बाप मुलीच्या जागी गेला, मुलगी बापाच्या. रोझविता बटाट्यांवर वाटलेली मोहरी आणि लोणच्यातल्या काकडीचं पाणी ओतत राहिली. "आधी सामना होऊ दे," ती म्हणाली. "सॅलड करून ठेवलंय, ते तरी कुणी खाल्लं पाहिजे."

सामना व्हिक्टोरियाच्याच दुसऱ्या फळीशी होता. दुपार ढगाळ, वारा अजिबात नाही. प्रेक्षक म्हणजे क्लबची उरलीसुरली माणसं आणि दोन कुत्री. इर्मा पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन बशीच्या कडेला तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. ही जागा आईची. दर सामन्याला इर्मा मैदानाकडे तोंड करून बसायची आणि कपड्यांच्या खोलीकडे पाठ. मागं वळून बघायचं नाही, त्यातच मान आहे असं तिला वाटत आलं होतं. आज पाठीला ते दार सारखं जाणवत होतं.

दहा जणांची पार दमछाक होत होती. व्हिक्टोरियाचे जवान पोरगे हवे तसे घुसत होते, पण चेंडू बशीत आला की काहीतरी बिनसायचं. पास पुरायचा नाही, पाय घसरायचा. त्यांचा प्रशिक्षक ओरडला, "अरे उतार आहे तिथे, डोळे फुटले का?" उतार त्यांना ठाऊक होता. उतारानं चेंडू घरंगळतो, थांबत नाही. आज तो मधेच थांबत होता, कुणी छातीवर झेलून खाली ठेवावा तसा.

उत्तरार्धात त्यांचा केसांचा बुचडा बांधलेला आघाडीचा खेळाडू एकटाच गोलकडे सुटला. समोर गोलरक्षक सोडून कुणी नाही. आणि तो धावता धावता असा कोसळला, जशी कुणी स्वच्छ, नियमात बसणारी आडकाठी घालावी. पंचानं शिट्टी वाजवली नाही. वाजवणार कुणावर? पोरगा लंगडत इर्माच्या बादलीपाशी आला.

"काकू, तुमच्या त्या पाच नंबरला जरा आवरा," तो म्हणाला. "लोखंडी टोकाचे बूट घालून खेळू देतात का इथे?"

"कुठला पाच नंबर?"

"तो उंच, नाडीच्या शर्टवाला. काय वास मारतो हो त्याच्या अंगाला, ओल्या दगडाचा." त्यानं मोजा खाली केला. नडगीला खरचटलं नव्हतं, पण बोटभर रुंद काळा पट्टा उमटला होता. इर्मानं स्पंज फिरवला, तो कोळसा होता. तिनं उभं आयुष्य तो धुतला होता, तिला ओळखायला वास घ्यावा लागत नव्हता.

"आज आम्ही दहाच आहोत," ती म्हणाली.

पोरगा हसला आणि मैदानाकडे वळला. त्याचे ओठ हलताना तिला दिसले. मोजून झाल्यावर त्यानं परत पहिल्यापासून मोजलं. मग तो आत गेला आणि सामना संपेपर्यंत बशीच्या बाजूला फिरकला नाही.

गोल कुणाचाच झाला नाही. दहा जणांनी व्हिक्टोरियाला रोखलं म्हणून म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. खेळाडूंना रोझवितानं सॅलड आणि सॉसेजच्या नावानं हॉलमध्ये अडवून ठेवलं, आणि चौघं कपड्यांच्या खोलीशी आली. कुलूप जसंच्या तसं होतं. एगॉननं ते हलवून पाहिलं, मग किल्ली लावली.

आधी त्यांना आवाज ऐकू आला. टप, टप, सावकाश.

खुंटीखाली फरशीवर पाण्याचं थारोळं होतं. शर्ट ओला नव्हता, निथळत होता. बाह्यांच्या टोकांवरून थेंब पडत होते, नाडी चिकटून बसली होती. कॉलरला काळी रेघ नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच कोळसा नव्हता, सगळा धुऊन गेला होता. एगॉननं वर पाहिलं. छत कोरडं. त्या भिंतीला नळ नव्हता, कधीच नव्हता. त्यानं थेंबाखाली बोट धरलं, जिभेला लावलं आणि तिथल्याच बाकावर बसला.

"खारट," तो म्हणाला. "खालचं पाणी खारट असतं. तीस वर्षं उपसलंय मी ते."

"म्हणजे पाणी तिथपर्यंत आलं," रोझविता हळूच म्हणाली.

आंके दारातच उभी होती. भिंतीला पाठ लावून रडत होती, लहानपणी रडायची तशी, आवाज न करता.

इर्माला भीती वाटेल असं वाटलं होतं. पण तिला आला तो राग, आणि तो स्वतःचाच. ती शर्टापाशी गेली, दोन्ही हातांत त्याच्या बाह्या धरल्या. त्या इतक्या गार होत्या की मनगटापर्यंत कळ गेली.

"आपण म्हणतो, ते येतात," ती म्हणाली. "ते येत नव्हते, एगॉन. आपण बोलवत होतो. खुंटीला शर्ट लावला की माणसाला यावंच लागतं, पाळीला जावं लागतं तसं. दर सामन्याला आईनं लावला, मी लावला. प्रेमानंच लावला. पण त्यांना कुणी एकदा तरी म्हटलं का, की सामना संपला? आपण जिंकलो त्या दिवशी, वर गेलो, पुन्हा खाली आलो, सगळं झालं. त्यांना कुणी सांगितलंच नाही. ते अजून तोच सामना वाचवताहेत. आता पाणी अंगावर आलं तरी."

थेंब पडत होते.

"मी हो म्हणणार आहे," इर्मा म्हणाली.

एगॉननं खिशातून पेचकस काढला. त्याच्या खिशात तो असायचाच, चर्चमध्येसुद्धा. गंजलेले स्क्रू सुटेनात, त्यानं शिव्या देत, नाक ओढत ते सोडवले आणि खुंटी इर्माच्या हातात दिली. "व्हिक्टोरियात नको," तो म्हणाला. "तुझ्या घरी, दाराच्या मागं लाव. आणि शर्ट लावू नकोस. मोकळीच असू दे." मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तो शर्ट मी मळवायला हवा होता. तुझ्यासाठी. मला सुचलंच नाही."

"आता सुचलं ना," इर्मा म्हणाली. तिला तेवढंही पुष्कळ वाटलं.

सभेला हॉलमध्ये एकोणीस माणसं होती, एगॉनला धरून. व्हिक्टोरियावाल्यांना बाहेर बसवलं होतं. इर्मा पहिल्या रांगेत, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेला शर्ट. टॉवेल केव्हाच भिजला होता, पाणी तिच्या स्कर्टमधून मोज्यांपर्यंत उतरलं होतं. कपड्यांच्या खोलीचं दार कुणी लावलंच नव्हतं, ते हॉलच्या मागच्या टोकाला उघडं होतं.

एगॉननं ठराव वाचला. क्लब एकशे नऊ वर्षांचा, पहिली लीग कुठली, शेवटची कुठली, आणि मैदान सोडून विलीन होण्यास सभासदांची संमती आहे का. वाचताना त्याचा आवाज एकदाच अडला, तो 'मैदान' या शब्दाशी. "संमती असेल त्यांनी हात वर करा."

सोबोटकांचे चारही हात एकदम वर गेले. मग बाकीचे, कुणी पटकन, कुणी जड खांद्यानं. एगॉन एक हात वर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटानं मोजत शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तिथे थांबला. पुन्हा पुढून सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून इर्माला कळलं की आकडा जुळत नाही, आणि कुठल्या बाजूनं जुळत नाही तेही कळलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"पप्पा," आंके कुजबुजली, "मी मोजू का?"

"मोजू नकोस," रोझविता म्हणाली. "बरोबर आहे ते."

एगॉननं कागद खाली ठेवला. "एकमतानं मंजूर," तो म्हणाला. "सामना संपला. हात खाली घ्या." हात खाली आले, खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं. एगॉन मात्र अजून त्या उघड्या दाराकडेच बघत होता, आणि पुढचं बोलला तेव्हा त्याचा आवाज अध्यक्षाचा नव्हता, बारा वर्षांच्या पोराचा होता.

"तुम्हीही घ्या, बाबा."